मुंबईचा व्यापारी रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत रेडिओ सुरू होऊन शंभर वर्षं उलटली, तरी या शहराच्या रेडिओबद्दल बोलणं निघालं की बहुतेकांची आठवण एफएमपाशी सुरू होते. त्याआधीची गोष्ट मोठी आहे. ती समजून घेताना केंद्राचा खर्च कोण उचलत होतं, हे विचारत राहिलं की बराच गुंता सुटतो. कधी परवाना काढणारा श्रोता पैसे देत होता, कधी सरकार, कधी टूथपेस्टवाली कंपनी. ज्याचे पैसे, त्याच्या सोयीने गाणी, भाषा आणि वेळा ठरत गेल्या. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

मुंबईतलं पहिलं रेडिओ केंद्र आकाशवाणीचं का?

नाही. पहिले प्रयोग खासगीच होते. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून तो झाला आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. घाटाच्या वरून खाली निरोप पोहोचायला तार लागायची, त्या काळात मुंबईचं गाणं थेट पुण्यात ऐकू येणं ही केवढी नवलाई असेल!

जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने प्रसारण सुरू केलं. ते हौशी मंडळींचं काम होतं. रीतसर परवाना, कायमचं केंद्र, पगारी माणसं आणि रोजचे कार्यक्रम असं सगळं घेऊन उभी राहिली ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी झालं. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. म्हणजे भारतातलं पहिलं नियमित प्रसारण केंद्र मुंबईत उभं राहिलं आणि ते नफ्यासाठी काढलेल्या एका कंपनीचं होतं. ‘खासगी रेडिओ २००१ नंतर आला’ हे विधान म्हणूनच अर्धंच खरं आहे.

ती कंपनी तीन वर्षांत का बुडाली?

कारण हिशेबच जुळणारा नव्हता. रेडिओ ऐकणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना काढायचा आणि त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे. शिवाय आयात होणाऱ्या रेडिओ संचांवर आकारणी होती. सगळी मदार ऐकणाऱ्यांच्या संख्येवर होती, आणि तीच वाढेना.

ती का वाढली नाही हे पाहण्यासारखं आहे. प्रक्षेपक होता १.५ किलोवॉटचा. साध्या संचावर खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला जेमतेम ४५-५० किलोमीटर. कल्याणपलीकडे भरवसा नाही. संच महाग, तेव्हा घेणारे मूठभर. कार्यक्रमांत युरोपीय श्रोत्यांसाठी वेगळा वेळ राखलेला, त्यामुळे गिरगाव-परळच्या माणसाने एवढे पैसे टाकून नेमकं ऐकायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यात परवाना न काढता ऐकणारेही होते. देशभरातल्या परवान्यांचा आकडा आठ हजारांच्या आसपासच अडकला. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. व्यापारी आणि श्रोत्यांनी आग्रह धरला म्हणून सरकारने १ एप्रिल १९३० पासून ती चालवायला घेतली. तेव्हाचं नाव इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. ८ जून १९३६ रोजी त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं.

माझ्या मते या अपयशाची किंमत आपण पुढे फार काळ मोजली. ‘खासगी रेडिओ चालत नाही, तो सरकारनेच चालवायचा’ हा समज पक्का व्हायला या घटनेने हातभार लावला.

मग १९३० ते १९६७ मुंबईकरांनी रेडिओवर जाहिराती ऐकल्याच नाहीत?

ऐकल्या, आणि भरपूर ऐकल्या. फक्त त्या कोलंबोहून यायच्या.

ऑल इंडिया रेडिओवर जाहिरातींना जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री होते. ते मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय गायक-वादकांना त्यांनी मोठं व्यासपीठ दिलं, हे मान्य करायलाच हवं. पण ज्याला दिवसभराच्या कामानंतर लताबाईंचं नवं गाणं ऐकायचं होतं, त्याने रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं.

डिसेंबर १९५२ मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक टूथपेस्टची कंपनी, निवेदक अमीन सयानी. यातली गंमत अशी की हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईतच. फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून प्रक्षेपित होऊन परत मुंबईच्या चाळींत, इराण्याच्या हॉटेलांत ऐकू यायच्या. गाणी मुंबईची, आवाज मुंबईचा, जाहिरातदार मुंबईचे आणि त्यांच्या पैशावर चालणारं केंद्र परदेशात. मुंबईच्या व्यापारी रेडिओची पहिली पिढी या उलट्या मार्गाने घडली. जिंगल कशी लिहायची, तीस सेकंदांत माल कसा विकायचा, श्रोत्यांच्या पत्रांवर कार्यक्रम कसा बांधायचा, हे सगळं इथल्या लोकांनी सिलोनसाठी काम करता करता शिकून घेतलं.

विविध भारतीवर जाहिराती कधीपासून आल्या?

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, ती सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणण्यासाठी. सुरुवातीला तिच्यावर जाहिराती नव्हत्या. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ मध्ये व्यापारी प्रसारण सुरू करावं अशी शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी ते प्रत्यक्षात आलं. पहिली तीन केंद्रं होती मुंबई, पुणे आणि नागपूर. तिन्ही महाराष्ट्रातली. स्वतंत्र भारतात आकाशवाणीने जाहिरातीचा पहिला पैसा घेतला तो याच राज्यात, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

मुंबई निवडण्याचं कारण उघड आहे. जाहिरात संस्था इथे, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ इथे, कापड, साबण, औषधं विकणाऱ्या कंपन्यांची मुख्यालयं इथे. पुढे प्रायोजित कार्यक्रमही आले. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली, म्हणजे सदतीस वर्षांनी आपल्या गावी परतली.

विविध भारतीला ‘स्थानिक’ केंद्र म्हणता येईल का?

पूर्णपणे नाही. देशभर एकच गाभा आणि त्यात केंद्रागणिक स्थानिक जाहिराती व काही कार्यक्रम अशी तिची रचना होती. पण श्रोत्याच्या कानाला स्थानिकपणा जाणवायचा तो नेमका जाहिरातींतून. पुण्याच्या दुकानाचं नाव पुण्यात ऐकू यायचं, नागपूरचं नागपुरात. मुंबईची खरी मराठी बोली मात्र आकाशवाणीच्या मुख्य केंद्रावर राहिली: ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’. गिरणीतून सुटलेल्या माणसासाठी रोजचा कार्यक्रम करावा असं सरकारी केंद्राला वाटलं. तसा कार्यक्रम विकत घेणारा जाहिरातदार मुंबईत त्यानंतर कधी दिसला नाही, आणि मला हे मनापासून बोचतं.

परवान्याशिवाय चालवलेलं एखादं केंद्र मुंबईत होतं का?

होतं. ते व्यापारी नव्हतं, पण हा प्रश्न हमखास येतो. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबर १९४२ पर्यंत टिकला. व्यापाराशी धागा एवढाच, की यंत्रसामग्री मिळवण्यात शिकागो रेडिओ या मुंबईतल्या कंपनीच्या नानक मोटवाने यांचा हात होता आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली.

‘टाइम्स एफएम’ म्हणजे आताचं मिर्ची का?

एकाच समूहाचे, पण दोन वेगळे टप्पे. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे तास खासगी कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. मुंबई आणि दिल्ली त्यात आघाडीवर होती. प्रक्षेपक सरकारचा, लहर सरकारची, कार्यक्रम आणि जाहिराती मात्र कंपनीच्या. टाइम्स एफएम त्यातून आलं. ‘मिड-डे’ही या मैदानात होतं. रेडिओवर गप्पा मारल्यासारखं बोलणारे आरजे मुंबईने पहिल्यांदा तेव्हा ऐकले, तेही मीडियम वेव्हच्या खरखरीशिवाय. १९९८ मध्ये सरकारने हे करार पुढे वाढवले नाहीत आणि तास आकाशवाणीकडे परत गेले. चांगला रुजलेला प्रयोग एका निर्णयाने थांबला. १९२१ च्या त्या पहिल्या कार्यक्रमापासून मोजलं, तर या वृत्तपत्रसमूहाचं मुंबईच्या रेडिओत येणं हे तिसऱ्यांदा घडलं ते मिर्चीच्या रूपाने.

सरकारची मक्तेदारी मोडली कशी?

क्रिकेटमुळे. सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क कोणाचे, यावरून क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल आणि सरकार यांच्यात वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नाही. तिचा वापर सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियमनाखाली व्हायला हवा. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झालेले आणि पुण्यात स्थायिक झालेले तेच सावंत. या निकालाचा अर्धा भागच आपण उचलला असं मला वाटतं. लहरी सरकारच्या एकट्याच्या नाहीत, एवढं लक्षात राहिलं. त्या सार्वजनिक आहेत, म्हणजे सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याच्याही नाहीत, हे मागे पडलं. १९९९ मध्ये खासगी एफएमचं धोरण आलं ते लिलावाचं.

२००२ मध्ये मुंबईत कोणती खासगी केंद्रं सुरू झाली आणि त्यांचं काय झालं?

देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत सुरू झालं, रेडिओ सिटीचं. मुंबईत २००२ च्या उन्हाळ्यात एकापाठोपाठ पाच केंद्रं आली: रेडिओ मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ९१, रेड एफएम ९३.५, गो ९२.५ आणि विन ९४.६.

यातलं गो ९२.५ हे ‘मिड-डे’ समूहाचं. इंग्रजी गाणी आणि सकाळच्या गप्पा यांवर त्याने आपला श्रोता मिळवला. जग्गू आणि तराना ही जोडी अजून अनेकांना आठवते. पुढे ते रेडिओ वन होऊन ९४.३ वर गेलं. विन ९४.६ काही वर्षांतच बंद पडलं. मिर्ची, सिटी आणि रेड टिकली. २००६ नंतर, परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात, बिग एफएम, फीवर अशी नवी नावं आली.

पहिल्या टप्प्यातली केंद्रं एवढ्या तोट्यात का होती?

परवाना शुल्कामुळे. लिलावात बोलीचे आकडे फुगले, आणि नियम असा की ते शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. चक्रवाढीने मोजा: दहाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या साधारण साडेतीन पट. जाहिरातींचं उत्पन्न त्या वेगाने वाढणं शक्यच नव्हतं. देशभरात ४० शहरांतल्या १०८ लहरी लिलावात मांडल्या होत्या, त्यातून प्रत्यक्षात सुरू झाली २१ केंद्रं. अमित मित्रा समितीने २००३ मध्ये उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत सुचवली आणि जुलै २००५ च्या धोरणात ती आली: एकदाच प्रवेश शुल्क आणि त्यानंतर मुख्यतः वार्षिक ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. या एका बदलाने खासगी रेडिओ वाचला.

पण ज्यांनी पहिली चार वर्षं तो बोजा ओढला, त्यांच्या सवयी तेव्हाच घडल्या. वेगळा कार्यक्रम करून पाहायला पैसा नाही, चुकायला वाव नाही. त्यामुळे सगळ्यांनी तीच ताजी हिंदी चित्रपटगीतं, तीच यादी फिरवली. पाच केंद्रं असूनही काटा फिरवला की तेच गाणं लागायचं, ही तक्रार तेव्हा घरोघरी होती.

मुंबईची स्टेशनं ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी ओळीने का आहेत?

वजाबाकी करून पाहा, दर वेळी ०.८ येईल. एकाच शहरातल्या दोन लहरींमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवलं आहे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही. ९२.५ आणि ९४.६ हे जुने आकडे या मापात बसत नाहीत.

खासगी एफएमवर बातम्या का नसतात?

सरकारची परवानगी नाही म्हणून. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्याची मुभा मिळाली आणि वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती ‘बातमी’ या सदरात धरायची नाही असं ठरलं. २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रं खासगी केंद्रांना देण्याची सोयही झाली. पण स्वतःचा बातमीदार पाठवून महापालिकेच्या सभेची बातमी देणं आजही बसत नाही. वर्तमानपत्र नोंदणी करून काढता येतं, वृत्तवाहिन्या दिवसभर ओरडू शकतात, आणि शहराच्या सर्वांत जवळ असलेल्या माध्यमाला मात्र शहराची बातमी द्यायला बंदी. हे मला अजिबात पटत नाही.

२६ जुलै २००५ ला रेडिओने काय केलं?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीज गेली, टीव्ही बंद, फोन लागेनात, लोकल थांबल्या. गाडीतला रेडिओ आणि सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर मात्र चालू होते. एफएम केंद्रांनी ठरलेले कार्यक्रम बाजूला ठेवले. कुठल्या रस्त्यावर किती पाणी आहे, कुठल्या शाळेत मुलं सुखरूप आहेत, कोण कोणाला शोधतंय, हे ज्यांचा फोन लागला त्यांच्याकडून ऐकून आरजे पुढे सांगत राहिले. त्या रात्री घरापासून दूर अडकलेल्यांना विचारा, आवाजासकट आठवेल. २०११ ची आपत्तीबद्दलची मुभा यायला सहा वर्षं होती, तेव्हा नियम काय म्हणतो ते पाहत कोणी बसलं नाही.

मुंबईच्या खासगी एफएमवर मराठी एवढी कमी का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जिव्हाळ्याचाही.

केंद्रांचा हिशेब असा असतो: मुंबईचा परवाना महाग. तो वसूल करायचा तर देशभरात माल विकणारा मोठा जाहिरातदार हवा. त्याला मराठी, गुजराती, उत्तर भारतीय असे वेगवेगळे गट नकोत, एक मोठा गट हवा, आणि त्या सर्वांना चालणारी भाषा म्हणून हिंदी. मराठी माणूस हिंदी गाणी आवडीने ऐकतो, तेव्हा तो आपलाच आहे, असं हे गणित धरून चालतं. २००७ पासून श्रोत्यांकडून डायऱ्या भरून घेऊन मोजणी सुरू झाली, तेव्हा या गणिताला आकडेही मिळाले. पण जे वाजलंच नाही, त्याचा श्रोता डायरीत कुठून दिसणार?

हे गणित अपुरं आहे याचा दाखला खुद्द एफएमनेच दिला. २०१७ च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या मलिष्काने एका गाजलेल्या मराठी गाण्याच्या चालीवर खड्डे आणि महापालिका यांच्यावर विडंबन केलं. मराठी ओळीवर बेतलेलं ते गाणं सगळ्या शहराच्या तोंडी बसलं, महापालिका आणि सत्ताधारी पक्ष चिडले, आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मुंबईच्या रस्त्याबद्दल बोलायचं तर मराठीच धारदार लागते, हे त्या हिंदी केंद्राला बरोबर कळलं होतं. मग हे फक्त पावसाळ्यात, विडंबनापुरतंच का? मराठीत आज भावगीत आहे, लोकसंगीत आहे, रॅप आहे, चित्रपटसंगीत तर आहेच. ठाणे, डोंबिवली, लालबाग, दादरचा श्रोता साबण आणि मोबाइल विकत घेत नाही असं तर नाही.

महाराष्ट्रात इतरत्र चित्र वेगळं आहे का?

बऱ्याच ठिकाणी आहे. दुसऱ्या टप्प्यात नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, सोलापूर, सांगली अशा शहरांना खासगी केंद्रं मिळाली. कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाचं टोमॅटो एफएम ९४.३ उभं राहिलं आणि ते कोल्हापूरच्या मराठीत बोललं. तिथे जाहिरातदार हा सराफ, साडीवाला, क्लासवाला, म्हणजे स्वतः त्याच शहरातला असतो, आणि त्याला आपल्या गिऱ्हाइकाशी त्याच्याच भाषेत बोलायचं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लातूर, यवतमाळसारख्या गावांनी त्याकडे बारीक लक्ष ठेवावं.

गाणं वाजवलं की गायक-संगीतकाराला पैसे मिळतात का?

आधी केंद्रांना तासाच्या दराने ध्वनिमुद्रण कंपन्यांना पैसे द्यावे लागत. लहान केंद्रांना ते झेपत नसे. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला. गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा प्रश्न २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर पुढे आला, आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात त्यांच्या बाजूने कौल दिला.

जुनी ध्वनिमुद्रणं कुठे ऐकायला मिळतील?

आकाशवाणीची बरीच मिळतात. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातली भाषणं, मैफली, मुलाखती यूट्यूबवर टाकल्या आहेत आणि काही सीडी स्वरूपात काढल्या आहेत. व्यापारी रेडिओचं तसं नाही. १९६७ नंतरच्या मराठी जिंगल्स, टाइम्स एफएमचे कार्यक्रम, गो आणि विनचे सकाळचे शो यांची जपणूक करणं कोणत्याच जाहिरातदाराच्या बिलात बसत नव्हतं. जे उरलं आहे ते जाहिरात संस्थांत काम केलेल्यांच्या कपाटांत आणि श्रोत्यांनी घरी भरून ठेवलेल्या कॅसेटमध्ये.

तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर आधी ती वाजवून पाहू नका. जुन्या फितीचा थर सुटतो. कॅसेट उभी ठेवा, ओल आणि लोहचुंबकापासून लांब. मुंबईच्या हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा पावसाळ्याआधीच एखाद्या जाणत्या ध्वनिमुद्रकाकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या. प्रतीसोबत केंद्राचं नाव, अंदाजे वर्ष आणि निवेदकाचं नाव लिहून ठेवा. मध्ये आलेल्या जाहिराती कापू नका. आज त्याच सर्वांत दुर्मीळ आहेत.